काही झालं का तिकडे?

परदेशातून कायमचं परत आलेल्या माणसाला ठाण्यात पहिला प्रश्न लिफ्टमध्ये विचारला जातो. "अरे वा, कधी आलात? किती दिवस आहात?" इथपर्यंत सगळं हसतमुख असतं. "आता इथेच, कायमचे आलोय" म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो. "का गं? काही झालं का तिकडे?"

हा प्रश्न मला पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत विचारला गेला, गोखले रोडवर विचारला गेला, जांभळी नाक्यावर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना आणि एका लग्नात अक्षता हातात घेऊन उभी असतानाही विचारला गेला. विचारणारी माणसं आपलीच, मायेची. नोकरी गेली असेल, व्हिसाचं अडलं असेल, नवरा-बायकोचं बिनसलं असेल, कुणाला मोठं दुखणं निघालं असेल, असं एकेक त्यांच्या मनात येऊन जातं आणि ते चेहऱ्यावर दिसतं. आम्ही दहाएक वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला होतो. नोकऱ्या बऱ्या होत्या, घर बरं होतं, मुलगी रमली होती. तरी खूप विचार करून परत आलो. एवढं सरळ उत्तर दिलं की समोरचं माणूस मान हलवतं, पण त्याला ते पटलेलं नाही हे आपल्याला कळतं.

सुरुवातीला हे मला फार लागायचं. मांडलेला संसार आवरून आणायचा, मुलीला मैत्रिणींपासून तोडायचं, इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि त्यावर लोकांनी वाईट बातमी ऐकल्यासारखं हळहळायचं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं, की प्रश्न मला विचारतात खरा, पण विचारणारा त्या वेळी स्वतःच्या घरातलं काहीतरी चाचपून बघत असतो. आमच्या इमारतीत मजल्यागणिक कुणाचा तरी मुलगा नाहीतर मुलगी बाहेर आहे. कुणी मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवून कर्ज काढलंय, त्यांना आमचं परत येणं अपशकुनासारखं वाटतं. कुणाला स्वतःला जायचं होतं आणि जमलं नाही, त्यांना आमच्या हातातली चांगली संधी आम्ही मातीमोल केली असं वाटतं. कुणी जन्मभर "आपलं गावच बरं" म्हणत आले, त्यांना कौल मिळाल्याचा आनंद होतो. आम्ही आमच्यापुरता एक निर्णय घेतला होता. ऐकणाऱ्याला तो त्याच्या निर्णयावरचा शेरा वाटतो.

आमच्या जुन्या इमारतीत एक काका होते, मस्कतला बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले. तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांना "का आलात?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आखातात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि नागरिकत्व सहसा मिळत नाही, म्हणजे परत येणं पहिल्या दिवसापासूनच ठरलेलं. लोकांनी त्यांना विचारलं ते "आता काय करायचं ठरवलंय?" युरोप-अमेरिकेत राहून जाता येतं, म्हणून तिथे न राहण्याला कारण द्यावं लागतं.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा डॅलसला असतो. काका गेले, आता काकू एकट्याच. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर मुठीएवढा पांढरा कॅमेरा बसवलाय. आई पडली-झडली तर कळावं म्हणून मुलाने गेल्या खेपेला लावून दिला. संध्याकाळी सातच्या सुमारास, डॅलसला सकाळ असते तेव्हा, काकू बरोबर त्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात खुर्ची घेऊन भाजी निवडायला बसतात. मधूनच त्यातून आवाज येतो, "आई, पंखा कमी कर, गारठशील." काकू उठून पंखा कमी करतात. टीपॉयवर सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा, शेजारी फोनचा स्टँड, आणि मुलाने मोठ्या अक्षरांत छापून प्लास्टिकमध्ये घालून दिलेला कागद. त्यावर डॉक्टर, मेडिकलवाला, वॉचमन, इलेक्ट्रिशियन यांचे नंबर आहेत. अगदी खाली, पेनाने, थरथरत्या अक्षरात आता आमचा नंबर लिहिलेला आहे.

आम्ही आलो त्या आठवड्यात काकूंनी थालीपीठं आणि लोण्याची वाटी पाठवली. मग एका दुपारी बोलावून घेतलं. चहा झाला, माझ्या आईची विचारपूस झाली. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवली, माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "खरं सांग, तुम्ही का आलात गं?"

त्या क्षणी मला त्यांच्या डोळ्यांत दोन गोष्टी एकदम दिसल्या. आपल्या मुलालाही लागू पडेल असं एखादं कारण मी सांगावं, ही आशा होती. आणि तसं कारण निघालंच तर मग तो का येत नाही, याची भीती. "आईसाठी आले" म्हटलं असतं, तर माझ्या मुलाला आई नाही का, हे त्यांच्या मनात आलंच असतं. "तिकडे फार एकटं वाटतं" म्हटलं असतं, तर त्या रात्रभर मुलाच्या काळजीने जाग्या राहिल्या असत्या. मी म्हटलं, "काकू, ह्यांना ऐरोलीत काम मिळालं, माझं घरून चालतं. दोघांचं एकदम जुळलं म्हणून येता आलं. सगळ्यांचं तसं जुळतंच असं नाही." हे शब्दशः खरं होतं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हो ना, त्याचं काम तसलं नाही." आणि खुर्ची पुन्हा होती तशी फिरवून बसल्या.

तेव्हापासून उत्तर देण्याआधी मी समोरच्याच्या घरातलं कोण कुठे आहे ते आठवते. याला कुणी लपवाछपवी म्हणेल, मला तसं वाटत नाही. परत येण्याला एक कारण कधीच नसतं. आईचं वय, मुलीची भाषा, कामाचा कंटाळा, कामाची संधी, नोव्हेंबरातलं साडेचारला मावळणारं ऊन, इथली माणसं, सगळं एकत्र आलं तेव्हा आम्ही निघालो. त्यातलं कुठलं कुणापुढे ठेवायचं हे ठरवायचा हक्क आपला आहे. खोटं मात्र एक अक्षर सांगायचं नाही.

दुसरे लोक पैज लावणारे. "सहा महिने बघा, कंटाळून परत जाल." त्यांनी हे सहज म्हटलेलं असतं. पण जर्मनीचा कायमच्या वास्तव्याचा परवाना साधारणपणे देशाबाहेर सहा महिने राहिलं की आपोआप रद्द होतो. जास्त मुदत मिळते, पण ती वेगळी मागून घ्यावी लागते. आम्ही मागितली नाही. ज्या परवान्यासाठी भाषेची परीक्षा दिली, वर्षानुवर्षं विम्याचे आणि पेन्शनचे हप्ते भरले, तो नुसतं ठाण्यात राहिल्याने निकामी होणार होता. ती तारीख आमच्या दोघांच्याही डोक्यात पक्की होती. त्या संध्याकाळी आम्ही तलावपाळीवर बराच वेळ फिरत राहिलो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तोच खाली आलेला आवाज ऐकावा लागला असता, आणि त्या दिवशी तो सोसला नसता.

"निदान पासपोर्ट तरी घेऊन यायचा" असंही पुष्कळांनी म्हटलं. जर्मनीने जून 2024 पासून पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व द्यायला आणि जुनं नागरिकत्व ठेवू द्यायला सुरुवात केली, हे खरं. पण आपला 1955 चा कायदा तसं चालू देत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपतं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं, त्यावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, मत देता येत नाही. ज्यांनी तो मार्ग धरला त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मला ज्या शहरात राहायचं तिथे मत द्यायचं होतं. पेन्शनची काळजी करणाऱ्यांना मात्र मी मुद्दाम थांबून सांगते, कारण ही माहिती अनेकांना नसते. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार 1 मे 2017 पासून लागू आहे, आणि तिकडे भरलेली वर्षं परत आल्याने बुडत नाहीत.

बँकेतला अनुभव वेगळा आला. प्राप्तिकराचा कायदा माणसाचे दिवस मोजतो, आर्थिक वर्षात 182 दिवस इथे भरले की तुम्ही निवासी. परकीय चलनाचा फेमा कायदा हेतूही बघतो. तुम्ही भेटीला आलात की राहायला? राहायला आला असाल तर एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, साध्या निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, कायमचं ना? नक्की?" मी हो म्हटलं. तिने सही कुठे करायची ते दाखवलं. तिला कारण नको होतं. त्या दिवशी मला ते इतकं बरं वाटलं, की मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

परत येणाऱ्याची चौकशी आपल्याकडे जुनी आहे. ठाण्याच्या पुढच्या कल्याणच्या, 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला निघण्याआधी, फेब्रुवारी 1883 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला एक भाषण केलं. लोक त्यांना जे जे विचारत होते, ते एकेक घेऊन त्यांनी त्यात उत्तरं दिली. त्यातला एक प्रश्न असा होता, की परत आल्यावर तुम्हाला वाळीत टाकणार नाहीत का? अजून बोटीवर पाऊल ठेवलेलं नाही आणि परतल्यावरचा हिशेब आधीच मांडलेला. जशी इथे राहते तशीच तिथे राहीन, मग भ्यायचं कशाला, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. 1886 मध्ये डॉक्टर होऊन त्या त्याच वर्षी नोव्हेंबरात आजारी अवस्थेत मुंबईला उतरल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झालेली होती, तिथे रुजू होणं नशिबात नव्हतं. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्या गेल्या. सिंधुबंदी केव्हाच संपली. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त आता कुणी मागत नाही, पण परत आलात तर खुलासा मागतात.

आणि परत आलेल्याने तक्रार करायची नाही, हा एक अलिखित नियम. एका रात्री जवळच्या एका मंडळाचा लाउडस्पीकर साडेअकरा झाले तरी चालू होता. आईला झोप नव्हती, मुलीची परीक्षा होती. मी खाली उतरून सांगितलं. एक जण अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, हे जर्मनी नाही." मला राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम भारत सरकारचा आहे, 2000 सालचा. सणांच्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, त्या रात्री ती नव्हती. जर्मनीतही रात्रीच्या शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी दहा ते सहा हीच. आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात जाऊन लढलेले डॉ. महेश बेडेकर ठाण्याचेच. त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये सविस्तर निकाल दिला. म्हणजे शांत झोप मागणं हे मी बॅगेत घालून आणलेलं काही नाही, ते या शहराने स्वतः मागितलेलं आहे.

घोडबंदर रोडवर रोज अडकणारे लोक खड्ड्यांबद्दल, मेट्रोच्या कामाबद्दल, गायमुखच्या घाटाबद्दल उठता-बसता बोलतात. तेच मी बोलले की "तिकडची सवय झालीय ना" होतं. मी बोलणं थांबवलेलं नाही. फक्त "तिकडे असं नसतं" हे वाक्य तोंडातून काढून टाकलं. इथला नियम सांगायचा, इथल्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची. पोच बघितल्यावर कुणी जर्मनी काढत नाही.

सगळ्यांत जड गेलं ते कौतुक. गौरी जेवायच्या दिवशी दादाकडे सगळे जमलो होतो. आमच्या थोरल्या आत्या पानावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "आईसाठी सगळं सोडून आली हो पोरगी. पोटची ती पोटची." वहिनी तूप वाढत होती. तिचा हात वाटीवर तसाच थांबला, मग तिने तूप वाढलं आणि आत गेली. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं तिने काढली. 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा ताप आलेल्या आईजवळ मास्क लावून रात्र-रात्र ती बसली होती. आम्ही स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात फोन उभा करून बघत होतो. जी कधी गेलीच नाही, तिच्या राहण्याचा सत्कार कोण करणार? मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आत्या, आईचं इन्सुलिन किती युनिट द्यायचं हे मी अजून वहिनीला फोन करून विचारते. आईला तिने सांभाळलंय. मी आत्ता कुठे हाताखाली आलेय."

आत्या "ते तर आहेच गं" म्हणाल्या आणि विषय पुरणाकडे वळला. जेवणं आटोपल्यावर वहिनीने ओट्यावर माझ्यापुढे एक वही ठेवली. लांबट, खाकी कव्हरची. पानापानावर तारखा, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, लाल पेनाने बदललेले डोस, मध्येच एका पानावर पायाला सूज, डाव्या, असं लिहून त्याखाली दोन रेघा. "गुरुवारी आईंना दाखवायला तुम्ही न्याल का? मला शाळेत मीटिंग आहे," ती म्हणाली. आता गुरुवार माझा आहे. परत आल्याबद्दल मला मिळालेल्या सगळ्या प्रतिक्रियांमध्ये ही मला सगळ्यांत मोलाची वाटते.

मुलीचं वेगळं. तिला कुणी "का आलीस" विचारत नाही, "जर्मनमध्ये काहीतरी बोलून दाखव" म्हणतात. तिचं मराठी व्हिडिओ कॉलवर आजीकडून आलेलं, त्यामुळे ती शाळेत आजीसारखी बोलते आणि मुलं हसतात. ती चिडत नाही. मीच चिडते.

आल्फ्रेड शुट्झ नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, व्हिएन्नाचे. देश सोडावा लागल्यावर 1939 मध्ये न्यूयॉर्कला गेले. दुसरं महायुद्ध संपता संपता, 1945 साली, सैनिक घरी परतत असताना त्यांनी घरी येणाऱ्या माणसावर लिहिलं. परक्या गावी जाणारा माणूस अनोळखीपणाची तयारी ठेवून जातो. घरी येणारा मात्र आपल्या ओळखीच्या जागी निघालो आहोत असं धरून येतो. मधल्या काळात घर पुढे गेलेलं असतं, तोही पूर्वीचा उरलेला नसतो, आणि दोन्हीकडे एकमेकांचं जुनं चित्र जपलेलं असतं. मी हे वाचलं तेव्हा खिडकीतून आमच्याच इमारतीचं पार्किंग दिसत होतं. मी वाढले ती तीन मजली इमारत रिडेव्हलपमेंटमध्ये पाडली, तिच्या जागी हा टॉवर आहे. जुन्या बिऱ्हाडांपैकी निम्म्यांनी जागा विकल्या. नव्यांना मी "त्या जर्मनीवाल्या", आणि माझा जन्म याच प्लॉटवर राहणाऱ्या घरातला, हे सांगायला आता मोजकीच माणसं उरली आहेत.

आमच्या तिकडच्या वर्षांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. थंडी किती, पगार किती, मांसाहार करावा लागतो का, संपलं. हे मला खुपायचं. मग एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मी सहज विचारलं, इमारत पाडली तेव्हा तुम्ही राहायला कुठे गेलात? आजोबा तासभर बोलले. कळव्याला भाड्याने घेतलेलं घर, पाणी भरायला पहाटे उठणं, बिल्डरचं भाडं थकलं ते महिने, आजी तिथेच गेल्या आणि नव्या घराची किल्ली बघायला राहिल्या नाहीत. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे गं, माणूस गेलं की काय करतात? जागा असते का?" मी सांगितलं की पुष्कळ जण पुरतात, पण जागा बहुधा ठरावीक वर्षांसाठीच असते, वीसेक वर्षं, मग मुदत वाढवावी लागते नाहीतर ती दुसऱ्याला देतात. "म्हणजे तिथेही भाड्यानेच," आजोबा म्हणाले. मग आमच्या शेजारच्या जर्मन बाई, त्यांच्या नवऱ्याच्या कबरीवर दर रविवारी पाणी घालायला जाणं, त्यांनी मला कधी बरोबर नेलं, हे सगळं मी त्यांना सांगितलं. ठाण्यात परत आल्यावर त्या बाईंबद्दल मी पहिल्यांदा कुणाशी बोलले.

आता मी आधी विचारते. ही दहा वर्षं तुमची कशी गेली? बहुतेकांना हे कुणी विचारलेलंच नसतं.

मागच्या महिन्यात काकूंच्या मुलाचा फोन आला, रात्री उशिरा. मला ताई म्हणतो, लहानपणी आमच्या गच्चीवर पतंग उडवायला यायचा. "का आलात" त्याने विचारलं नाही. शाळेचे प्रवेश कधी होतात, पाचवीच्या मुलाला मराठी झेपेल का, घोडबंदरला घर घेतलं तर ऐरोलीला पोचायला खरंच किती वेळ लागतो, असं एकेक विचारत होता. मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. चांगलं सांगितलं, वाईटही सांगितलं. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा आत्तापासून घरी वाचून घ्यायला लागा, हे सांगितलं. "ये" म्हटलं नाही आणि "येऊ नकोस" असंही नाही. शेवटी म्हणाला, "आईला एवढ्यात बोलू नका, उगाच आस लावून बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात उभ्या. "काल त्याचा तुला फोन होता ना? मला म्हणाला, ताईंशी जरा काम आहे." मी हो म्हटलं. "काय म्हणत होता?"

"तुम्ही त्यालाच विचारा, काकू," मी म्हटलं. "तुम्ही विचारलंत तर सांगेल तो."

काकू घरात गेल्या. डॅलसला तेव्हा रात्र होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत थांबावं लागणार होतं. सातला त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "बस इथे. मी विचारते, तू फक्त बस."